चुंबकाखालची खूण

दुकानाच्या पाटीवर नाव मास्तरांचं होतं आणि गिऱ्हाईक आत शिरलं की हाक मारायचं तेही मास्तरांनाच. पण कापडाला कात्री लावायच्या त्या मास्तरीणबाई. एरवी शिवणकामाच्या दुकानात जो बेततो तो मोठा आणि मशीनवर बसतो तो धाकटा. इथे मास्तर मशीनवर बसत आणि बाई टेबलाशी उभ्या राहत. नव्या गिऱ्हाइकाला हे पचायला वेळ लागे. एकदा एक वकील कोटाचं भारी कापड बाईंच्या हाती द्यायला कां कूं करायला लागला, तेव्हा मास्तर मशीनवरची मान वर न करता म्हणाले, "साहेब, कोट मी कापला तर तो तुम्हाला नाही, तुमच्या खुर्चीला बसेल." वकिलाने मुकाट्याने कापड टेबलावर ठेवलं आणि पुढे जन्मभर दुसऱ्या दुकानाची पायरी चढला नाही.

बाईंचा हातच तसा होता. खडू एकदा टेकला की शेवटपर्यंत उचलायच्या नाहीत. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा कुठला खांदा उतरता आहे हे त्यांनी हेरलेलं असे. कापडावरच्या खडूच्या रेषा हाताळून पुसट झाल्या, की कात्री घेण्याआधी त्या पुन्हा एकदा गडद करायच्या, हा त्यांचा नेम. पुसट रेषेवर कापणाऱ्याला त्या सरळ आंधळा म्हणत.

आणि स्वभाव म्हणाल तर नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मास्तर एकदा सहज बोलून गेले, की या सदऱ्याच्या खांद्याची रेष जरा खाली आल्यासारखी वाटते. बाईंनी त्याच रेषेवर कात्री चालवली, कात्री खाली ठेवली आणि तोंडाला कुलूप लावलं. जेवण वेळेवर मिळे, कपडे धुतलेले मिळत, पण शब्द मिळत नसे. मास्तर बडबडा माणूस. त्यांना उपास सोसला असता, हे सोसेना. अखेर त्यांनीच माफी मागितली. कशाबद्दल ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्यानंतर मास्तरांनी बाईंच्या रेषेबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि बाईंनी त्याचा अर्थ असा लावला की आपली रेष चुकतच नाही.

माणूस म्हणून वाईट नव्हत्या त्या. शेजारच्या बेकरीवाल्याची बायको आजारी होती तेव्हा तिच्या दोन्ही मुलांचे शाळेचे गणवेश त्यांनी न सांगता शिवून दिले होते. फक्त चूक ऐकून घ्यायची सवय नव्हती, आणि ती लावणारं घरात कुणी उरलं नव्हतं. लेक लग्न करून लांबच्या शहरात गेली होती आणि फोनवरसुद्धा आईशी जपूनच बोलायची.

मास्तरांचं दुखणं पहिल्यांदा कळलं ते टेपला. त्यांच्या पँटची कंबर बाई आत घेत होत्या. एकदा घेतली, पुन्हा घेतली, आणि तिसऱ्या वेळी टेप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कंबर उतरत होती आणि उजव्या बरगडीखाली मात्र काहीतरी टणक हाताला लागत होतं. मग तपासण्या झाल्या. यकृतात गाठ होती, आणि ती साधीसुधी नव्हती. नेहमीचं औषध शिरेतून देऊन पाहिलं, तर मास्तरांच्या तोंडात फोड आले, पोटात घोटभर पाणी ठरेना आणि गाठ होती तेवढीच राहिली. पुढचा डोस शरीराला झेपणार नाही असं सांगून त्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती.

तिथल्या डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. चष्मा नेहमी कपाळावर चढवलेला आणि शोधायच्या टेबलावर. त्यांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. नेहमीचं औषध अंगभर फिरतं, गाठीला पोचतं थोडंसं आणि बाकीच्याने धडधाकट भागांची नासाडी होते. इथे औषध लोहाच्या कणांवर चिकटवलेलं असतं. कण इतके बारीक की बाटलीत नुसतं तपकिरी पाणी दिसतं. ते शिरेतून सोडायचं आणि गाठीच्या वर, कातडीला लागून, एक जबरदस्त चुंबक धरून ठेवायचा. कण फिरत फिरत तिथे आले की तिथेच अडकतात, आणि त्यांच्याबरोबर औषधही.

"म्हणजे आमच्या दुकानात खाली सांडलेल्या टाचण्या गोळा करतो तसं," मास्तर म्हणाले.

"अगदी तसंच. फक्त टाचण्या तुमच्या रक्तात."

"त्या असतीलच. आयुष्यभर तोंडात धरतोय."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. हेच कण स्कॅनच्या चित्रात काळे उमटतात, त्यामुळे औषध कुठे जाऊन बसलं ते दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी बघता येतं. गाठ काळी दिसली तर औषध जागेवर पोचलं, मग पुढचे डोस द्यायचे. काळं दुसरीकडेच दिसलं तर थांबायचं, कारण औषध जिथे बसेल तिथे ते भाजणारच, मग तो भाग चांगला असो की वाईट. चुंबकाचा जोर फार खोल जात नाही, पण मास्तरांची गाठ यकृताच्या पुढच्या कडेला होती, कातडीपासून जवळ. तेवढं एक नशीब म्हणायचं.

बाईंनी हे सगळं एका वाक्यात मनाशी बांधून ठेवलं. गाठ काळी दिसली पाहिजे.

उपचाराच्या आदल्या दिवशी मास्तरांना वॉर्डात खाट मिळाली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना उताणं निजवलं, उजवा हात डोक्यावर घ्यायला लावला, सोनोग्राफीचं यंत्र पोटावर फिरवून गाठ शोधली आणि जांभळ्या पेनाने कातडीवर एक गोल काढून मध्ये फुली मारली. "ही पुसू देऊ नका हं," त्या बाईंना म्हणाल्या. "उद्या चुंबक याच्यावरच ठेवायचाय." बाईंनी सवयीने आपली बोटं लावून बघितली. बरगडीच्या कडेपासून इतकी बोटं खाली, बेंबीपासून एक वीत. माप डोक्यात जाऊन बसलं. बाईंच्या डोक्यात गेलेलं माप सहसा बाहेर येत नसे.

पहाटे मास्तरांना ताप येऊन दरदरून घाम फुटला. वॉर्डातल्या मावशींनी ओल्या टॉवेलने अंग पुसून काढलं आणि कपडे बदलले. त्यांना खुणेचं कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाई बाहेरच्या बाकावर झोपल्या होत्या. सकाळी बाईंनी सदरा वर केला तर गोल नव्हता, फुलीही नव्हती. जांभळा डाग तेवढा पोटावर ओघळून पसरला होता.

खूण सांभाळायला सांगितली होती ती बाईंना. नर्स दोन खाटांपलीकडे कुणाच्या तरी सलाईनशी झटत होती, आणि उपचाराच्या खोलीतून बोलावणं केव्हाही आलं असतं. नर्सला हाक मारायला हवी होती. पण बाईंना त्यात आपली नाचक्की वाटली. साधी एक रेष सांभाळता आली नाही, असं ती म्हणाली असती. आणि रेष काढायला त्या काय कुणाकडे मागणार होत्या? त्यांच्या पर्समध्ये टेप होता, कापडावर चालणारं पक्कं जांभळं पेन होतं. उजेड खिडकीकडून येत होता, म्हणून त्यांनी मास्तरांना खाटेच्या कडेला, खिडकीकडे तोंड करून बसवलं. सदरा वर धरायला लावला. ओघळलेला डाग पुसून काढला, बरगडी चाचपली, बोटं मोजली, बेंबीपासून वीत लावली आणि खडू न उचलता काढतात तसा एका दमात गोल काढला. मध्ये फुली मारली. डॉक्टरीणबाईंच्या गोलापेक्षा देखणा आला होता.

"झालं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं. आता हात लावू नका."

मास्तरांनी एकदा खाली वाकून खुणेकडे बघितलं, मग सदरा सोडला.

उपचाराच्या खोलीत एक उंच, वाळका माणूस होता. चुंबक बसवायचं काम त्याचं. वॉर्डात त्याला सगळे चुंबकवाला म्हणत. त्याच्या अंगावर लोखंडाचा कणसुद्धा नव्हता. मनगटावर घड्याळ नाही, पँटला बक्कल नाही, नाडी. त्याने बाईंच्या केसांतले आकडे काढून घेतले आणि मास्तरांचे खिसे तपासले. तरी मास्तरांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये एक सुई राहिलीच होती. चुंबकावरचं झाकण काढताच ती सुटून टिक्कन त्याला जाऊन चिकटली. "बघा, न बोलावता गेली," मास्तर म्हणाले. चुंबकवाल्याने ती ओढून काढली आणि हसू दाबत सदरा वर केला.

"वा, खूण चांगली ठसठशीत आहे," तो म्हणाला. बाईंना मनातून बरं वाटलं.

मुठीएवढा चुंबक एका दांड्याला जोडलेला होता. त्याने तो गोलावर टेकवला आणि दांड्याचे स्क्रू आवळले. डॉक्टरीणबाई घाईत आल्या, फुलीवर नजर टाकली, दांडा हलवून बघितला आणि तपकिरी औषध सोडायला सुरुवात केली. मास्तरांना सांगितलं होतं की आता हलायचं नाही. बाई शेजारच्या स्टुलावर बसून होत्या. खुर्चीत पाच मिनिटं नीट न बसणारा हा माणूस त्या दिवशी लाकडासारखा पडून राहिला. छताकडे बघत होता. नाकावर घाम आला तो बाईंनी पुसला. मास्तर तसूभरही हलले नाहीत, हे त्यांनी स्वतः पाहिलं.

दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला आणि दुपारी दोघांना डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बोलावलं. चुंबकवालाही तिथे दाराशी उभा होता. टेबलावरच्या पडद्यावर मास्तरांचं पोट होतं, राखाडी. त्यात एक काळा डाग होता, गोल, नेटका. आणि त्या डागाच्या वर, तीन बोटं अंतरावर, फिकी पांढुरकी गाठ. तिला काळ्याचा स्पर्शसुद्धा झालेला नव्हता.

"औषध गाठीत गेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्या चुंबकवाल्याकडे वळल्या. "मध्ये सरकला होता का?"

"नाही मॅडम. स्क्रू मी स्वतः आवळले होते. सोडतानाही आवळलेलेच होते." त्याचा चेहरा उतरला होता.

बाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांना कळायला क्षणही लागला नाही. आयुष्यभर त्या हेच तर सांगत आल्या होत्या. माप घ्यायला उभे राहा, बसू नका, बसलं की पोट गोळा होतं, बरगड्या खाली येतात, सगळं सरकतं. शाळकरी पोराचंही माप त्यांनी कधी बसवून घेतलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी खूण काढली ती निजलेल्या माणसावर, हात वर घेतलेल्या. त्यांनी काढली ती बसलेल्यावर, पाठीत वाकलेल्या, भिजलेल्या आजारी माणसावर. तो माणूस पुन्हा उताणा निजला तेव्हा त्यांचा देखणा गोल गाठीखाली तीन बोटं गेला होता. बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"मी हललो," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"मध्येच कूस बदलली थोडी. पाठीला रग लागली होती. यांचा काही दोष नाही." त्यांनी दाराकडे हात केला.

चुंबकवाल्याने सुस्कारा सोडला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. बाईंनी एवढंच विचारलं, की मग आता नीट जागेवर पुन्हा दिलं तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं करता येणार नाही. यकृताच्या चांगल्या भागात एवढं औषध बसलंय, तो भाग आता दुखावणार. आणखी दिलं तर यकृतच बंद पडेल. त्या दिवशी त्या खोलीत बाई खरं बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर दिवस ओसरत गेले. डोळे पिवळे झाले, मग कातडी. मास्तर दुकानात यायचे ते थांबले, मग खाटेवरून उठायचे थांबले. पण बोलणं थांबलं नाही. बेकरीवाला भेटायला आला की ते त्याच्या पोटाची चेष्टा करायचे, लेकीला फोनवर सांगायचे की तुझी आई आजकाल फार शहाण्यासारखी वागते, काळजी वाटते. त्या खोलीबद्दल मात्र अवाक्षर नाही. बाई दुकान उघडायच्या, टेबलावर कापड पसरायच्या आणि खडू हातात धरून उभ्या राहायच्या. एका सदऱ्याचं कापड आठवडाभर तसंच पडून राहिलं. शेवटी त्यांनी गिऱ्हाइकाला ते परत दिलं, दुसरीकडे शिवून घ्या म्हणून. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुखणं थांबवायच्या गोळ्या आणायला बाईंना रुग्णालयात जावं लागे. एका सकाळी गोळ्या घेऊन झाल्यावरही त्या डॉक्टरीणबाईंच्या समोरून उठल्या नाहीत.

"खूण मी काढली होती," त्या म्हणाल्या. "तुमची पुसली गेली. मी त्यांना बसवून दुसरी काढली. ते हलले नव्हते. त्या चुंबकवाल्या भावाकडूनही काही चुकलं नव्हतं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की चूक आमची आहे, चुंबक ठेवण्याआधी सोनोग्राफी पुन्हा करायला हवी होती, नुसत्या खुणेवर विसंबायला नको होतं. यापुढे तसंच करू. त्यांनी हे मनापासून सांगितलं, आणि बाईंना त्याचा काडीचाही आधार वाटला नाही. त्या उठल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पण मग ते हललो का म्हणाले?"

घरापर्यंतच्या वाटेवर बाईंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आपल्याला वाचवायला म्हणाले, हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. पण वाचवायला आधी माहीत असावं लागतं. पडद्यावर ते चित्र बघून त्यांना कळलं असेल का? मास्तरांना मापातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या आल्या तेव्हा मास्तर उशांना टेकून जागे होते. खिडकीतून दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. बाईंनी गोळी दिली, चहा केला, कप त्यांच्याजवळच्या स्टुलावर ठेवला आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"ती खूण मी तुम्हाला बसवून काढली," त्या म्हणाल्या. "निजवून काढायला हवी होती."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"केव्हापासून?"

आता बोलायलाही मास्तरांना दम लागे. "काढत होतीस तेव्हापासून. डॉक्टरीणबाईंचं पेन हाडाच्या जवळ लागलं होतं. तुझं पार खाली, मऊ जागी लागलं. मला वाटलं, जरा खाली आलीय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला कोण बोलणार?" मास्तर म्हणाले.

त्यात तक्रार नव्हती. दुकान किती वाजता उघडतं असं कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी जिवाची गोष्ट आणि हा माणूस गप्प बसला. एक शब्द बोलला असता तर, एक शब्द. त्या बोलणार होत्या, अगदी ओठांवर आलं होतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की याच रागाला तो त्या सकाळी भ्यायला होता. पोटात गाठ घेऊन, सदरा वर धरून बसलेला असताना त्याला गाठीपेक्षा या रागाची भीती जास्त वाटली होती. बाई रडल्या. त्यांना रडण्याची सवय नव्हती, म्हणून ते नीट जमलंही नाही. मास्तर घाबरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"आता म्हणा," बाई म्हणाल्या.

"काय म्हणू?"

"रेष चुकली म्हणा."

"जाऊ दे गं."

"नाही, म्हणा तुम्ही. मला ऐकायचंय."

मास्तरांनी खिडकीकडे बघितलं, चादरीची घडी सारखी केली. "खाली आली होती," ते पुटपुटले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "चुकली होती रेष."

बाईंनी मान हलवली आणि बाहीने डोळे पुसले. मास्तर त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होते.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही हो."

मास्तरांना ते खरं वाटलं नाही. त्यांनी घाईघाईने कपाकडे हात नेला, पण तो उचलण्याची ताकद हातात नव्हती, म्हणून नुसताच त्याच्या कानाला बोट लावलं. "चहा फार छान झालाय आज," ते म्हणाले. कपाला त्यांनी अजून तोंडही लावलं नव्हतं.